मराठवाड्यातील पिकांचा मूलपरिसर

मूलपरिसर किंवा ऱ्हायझोस्फिअर म्हणजे वनस्पतीच्या जिवंत मुळाभोवतीचा, मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या प्रभावाखाली असलेला मातीचा अरुंद पट्टा होय. त्याची जाडी साधारणतः काही मिलिमीटर असते. मुळे साखर, अमिनो आम्ले, सेंद्रिय आम्ले, फ्लॅव्होनॉइडे, विकरे इत्यादी द्रव्ये मातीत सोडतात. त्यांना एकत्रितपणे मूळस्राव असे म्हणतात. मूळस्रावांमुळे या पट्ट्यात कोणते जिवाणू व बुरशी वाढतील, कोणते मागे पडतील आणि कोणती अन्नद्रव्ये विरघळतील हे मोठ्या प्रमाणात ठरते.

महाराष्ट्रातील नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, ज्वारी, करडई व ऊस ही पिके मुख्यतः चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घेतली जातात. अशा जमिनीत स्फुरद, लोह व जस्त एकूण प्रमाणात असूनही पिकाला सहज मिळत नाहीत. त्यामुळे मुळांचे स्राव आणि त्यांच्याभोवतीचे सूक्ष्मजीव यांना येथील शेतीत विशेष महत्त्व आहे. आधीच्या पिकामुळे जमिनीत मागे राहणाऱ्या गुणाला शेतकरी बेवड म्हणतात. बेवडाचा बराचसा भाग मूलपरिसरात घडणाऱ्या प्रक्रियांशी निगडित आहे.

## संज्ञा व इतिहास

'ऱ्हायझोस्फिअर' ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर (१८६२–१९२३) यांनी १९०४ मध्ये वापरात आणली. 'ऱ्हायझा' या ग्रीक शब्दाचा अर्थ मूळ असा होतो. हिल्टनर यांनी त्याआधी फ्रीडरिश नोबे यांच्यासह द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींचा अभ्यास केला होता आणि १८९० च्या दशकात 'नायट्रॅजिन' हे जिवाणू संवर्धक विकसित केले होते. वनस्पतीचे आरोग्य तिच्या मुळाभोवतीच्या सूक्ष्मजीवांच्या रचनेवर अवलंबून असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळस्रावांतील एकेक संयुग वेगळे करून ओळखणे शक्य झाले. १९६६ मध्ये अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या स्रावातून स्ट्रिगॉल हे संयुग मिळाले. १९७६ मध्ये जपानमध्ये लोह पकडणाऱ्या मूळस्रावांचे वर्णन झाले. १९९० मध्ये हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेतील संशोधकांनी तुरीच्या मुळांतून पाझरणाऱ्या पिसिडिक आम्लावरील निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कापूस व तूर ही दोन्ही मराठवाड्याची प्रमुख पिके आहेत.

## मूळस्रावांचे घटक

वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या कर्बाचा लक्षणीय वाटा मुळांवाटे मातीत सोडते. हे प्रमाण पिकाची जात, वय, जमीन व हवामान यांनुसार बदलते. रोपावस्थेत ते तुलनेने अधिक असते. स्रवण मुख्यतः मुळाच्या टोकाजवळ आणि नवीन मूलरोमांच्या भागात होते. मुळांतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचे ढोबळ गट पुढीलप्रमाणे:

* शर्करा व अमिनो आम्ले: सूक्ष्मजीवांचे सहज पचणारे अन्न. बहुतांशी विसरणाने बाहेर पडतात.
* सेंद्रिय आम्ले: सायट्रिक, मॅलिक, मॅलोनिक, ऑक्झॅलिक इत्यादी. पेशीपटलातील विशिष्ट वाहक प्रथिनांवाटे सोडली जातात आणि खनिजांशी बांधलेला स्फुरद व लोह मोकळा करतात.
* फ्लॅव्होनॉइडे व फिनॉलिक संयुगे: अल्प प्रमाणात असूनही सूक्ष्मजीवांना संदेश देण्याचे किंवा त्यांना रोखण्याचे काम करतात.
* स्ट्रिगोलॅक्टोने: अत्यल्प प्रमाणात परिणामकारक ठरणारी संकेतद्रव्ये.
* श्लेष्मल पदार्थ: मुळाच्या टोकावरील बुळबुळीत आवरण. मुळाची वाट सुकर करते, ओल धरते आणि मातीचे कण एकत्र बांधते.
* विकरे: फॉस्फटेजसारखी प्रथिने. सेंद्रिय पदार्थांतील स्फुरद सोडवतात.

या अन्नपुरवठ्यामुळे मूलपरिसरातील जिवाणूंची संख्या लगतच्या मातीपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. मात्र जातींची विविधता अनेकदा कमी आढळते. मूळ सर्वांनाच सारखे पोसत नाही, त्याच्या स्रावांमुळे काही गटांची निवड होते.

## नांदेड व लातूरची जमीन

दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. त्यापासून बनलेल्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती ओली झाल्यावर फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. सामू साधारणतः ७.५ च्या वर असतो. मुक्त चुन्यामुळे स्फुरद कॅल्शियमच्या अल्पविद्राव्य क्षारांत अडकतो, तर लोह व जस्त यांची विद्राव्यता घटते. सेंद्रिय कर्ब बहुधा कमी असतो. सूक्ष्मजीवांना मातीतून मिळणारे अन्न त्यामुळे मर्यादित असते आणि जिवंत मुळाचा पाझर त्यांच्यासाठी अधिक मोलाचा ठरतो.

मुळाभोवती सोडलेले आम्ल चुनखडीमुळे लवकर उदासीन होते. त्यामुळे आम्लाचा परिणाम मुळापासून फार दूर पोहोचत नाही. ज्या पिकाची मुळे दाट व मूलरोम भरपूर, त्याचा लाभ अधिक.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व व आग्नेय भागात, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडक आढळतात. अशा खडकांपासून बनणाऱ्या तांबूस, हलक्या जमिनींत स्फुरद मुख्यतः लोह व ॲल्युमिनियमशी बांधलेला असतो. त्यामुळे एकाच पिकाच्या मूळस्रावाचा परिणाम काळ्या आणि तांबड्या जमिनीत वेगळा दिसू शकतो.

## पिकानुसार मूळस्राव

### सोयाबीन

सोयाबीनची मुळे डेडझीन व जेनिस्टीन ही आयसोफ्लॅव्होने सोडतात. ब्रॅडीरायझोबियम या जिवाणूला हा संकेत मिळाला की त्यातील 'नॉड' जनुके कार्यान्वित होतात आणि तो उलट दिशेने एक संकेतद्रव्य सोडतो. त्याला नॉड घटक म्हणतात. त्यामुळे मूलरोम वळतो, जिवाणू आत शिरतो व गाठ तयार होते. गाठीत हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर होते. निरोगी गाठ कापली असता लेगहिमोग्लोबिनमुळे आतून गुलाबी दिसते.

सोयाबीन हे मूळचे पूर्व आशियातील पीक आहे. त्याच्याशी जुळणारे जिवाणू भारतातील जमिनीत सर्वत्र पुरेसे नसतात, म्हणून बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळण्याची शिफारस केली जाते. जेथे अनेक वर्षे हे पीक घेतले गेले आहे, तेथे मातीत टिकून राहिलेल्या पण कमी कार्यक्षम असलेल्या जिवाणूंशी नव्या जिवाणूंना स्पर्धा करावी लागते. पेरणीच्या वेळी नत्रयुक्त खत जास्त दिल्यास गाठी कमी धरतात, कारण मातीत नायट्रेट मुबलक असताना वनस्पती ही भागीदारी आखडती घेते.

### तूर

इक्रिसॅटच्या अभ्यासानुसार तुरीच्या मुळांतून पाझरणारे पिसिडिक आम्ल लोहाला घट्ट पकडते आणि लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा होतो. तांबड्या जमिनीत, जेथे ज्वारीसारख्या पिकांना हा स्फुरद घेता येत नव्हता, तेथे तूर तो घेऊ शकली. तुरीची पाने व मुळे मातीत मिसळल्यावर त्यातील काही स्फुरद पुढच्या पिकाच्या वाट्याला येतो. काळ्या जमिनीत स्फुरद प्रामुख्याने कॅल्शियमशी बांधलेला असल्याने तेथे या आम्लाचे महत्त्व तुलनेने कमी असते. तेथे तुरीची खोल मुळे, गाठींतील नत्र आणि पानगळ यांचा वाटा मोठा असतो.

### हरभरा

हरभऱ्याची मुळे सायट्रिक, मॅलिक व मॅलोनिक आम्ले सोडतात. ही आम्ले कॅल्शियम फॉस्फेट विरघळवण्यास मदत करतात, म्हणून काळ्या जमिनीत त्यांचा थेट उपयोग होतो. हवेतील नत्र वापरणारी द्विदल मुळे हायड्रोजन आयनही सोडतात व त्यामुळे लगतच्या मातीचा सामू खाली येतो. हरभऱ्याच्या गाठी मेसोरायझोबियम सायसेरी या जिवाणूच्या असतात. सोयाबीनचे संवर्धक त्यासाठी चालत नाही.

### ज्वारी

ज्वारीच्या मूलरोमांतून सॉर्गोलिऑन नावाचा तेलकट पदार्थ स्रवतो. तो अनेक तणांच्या रोपांची वाढ रोखतो. अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करणाऱ्या नायट्रोसोमोनास या जिवाणूवरही त्याचा दाब पडतो. जपानमधील व इक्रिसॅटमधील संशोधकांनी या गुणाला जैविक नायट्रीकरण-रोध असे म्हटले आहे. नायट्रेट पाण्याबरोबर खोल झिरपते किंवा पाणी साचल्यावर वायुरूपात निघून जाते, त्यामुळे या रोधाने नत्राची नासाडी कमी होऊ शकते. मात्र ज्वारीच्या स्रावातील पाण्यात विरघळणाऱ्या रोधक घटकांचे स्रवण मूलपरिसर आम्लधर्मी असताना वाढते. त्यामुळे हा निष्कर्ष मराठवाड्याच्या अल्कधर्मी जमिनींना जसाच्या तसा लागू करता येत नाही.

### कापूस आणि टारफुला

टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारे अर्धपरोपजीवी तण आहे. त्याचे धुळीसारखे बारीक बी मातीत अनेक वर्षे सुप्त राहते आणि जवळ योग्य मूळ आल्याचा रासायनिक संकेत मिळाल्यावरच रुजते. हा संकेत स्ट्रिगोलॅक्टोनांचा असतो. या गटातील पहिले संयुग, स्ट्रिगॉल, मिळाले ते कापसाच्या मुळांतून. कापूस हे टारफुल्याचे यजमान पीक नाही. कापसाच्या मुळाशी टारफुल्याचे बी रुजते, पण त्याला आश्रय मिळत नाही आणि ते मरते. त्यामुळे टारफुलाग्रस्त शेतात ज्वारीनंतर कापूस घेणे हा मातीतील त्याच्या बियांचा साठा घटवण्याचा एक मार्ग मानला जातो.

वनस्पती आपल्या शत्रूला जागे करणारे द्रव्य का सोडते, याचे उत्तर २००५ मध्ये मिळाले. स्ट्रिगोलॅक्टोनांमुळे मायकोरायझा या उपयुक्त बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात, असे जपानी संशोधकांनी दाखवून दिले. ही बुरशी मुळात शिरून वनस्पतीकडून कर्ब घेते आणि दूरच्या मातीतील स्फुरद व जस्त आणून देते. स्फुरदाची चणचण असताना वनस्पती स्ट्रिगोलॅक्टोने अधिक सोडते. टारफुला या मित्रासाठीच्या हाकेचाच गैरफायदा घेतो. ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस व करडई यांच्या मुळांशी मायकोरायझाचे सहजीवन जुळते. मोहरी, कोबी व पालक यांच्या मुळांशी ते सहसा जुळत नाही.

## लोहाची कमतरता आणि केवडा

चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन, भुईमूग व उसाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसाच्या बाबतीत शेतकरी याला केवडा म्हणतात. लोहाच्या टंचाईला वनस्पती दोन प्रकारे तोंड देतात. द्विदल वनस्पती मुळाभोवती आम्ल व फिनॉलिक संयुगे सोडून लोहाचे विद्राव्य रूपात क्षपण करतात. गवतवर्गीय वनस्पती लोहाला वेढून घेणारी विशिष्ट अमिनो आम्ले सोडतात. त्यांपैकी प्रथम अभ्यासलेल्या म्युजिनिक आम्लाचे नाव सातूसाठी असलेल्या 'मुगी' या जपानी शब्दावरून पडले. सातूच्या तुलनेत ज्वारी हे द्रव्य कमी सोडते, त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत ज्वारीची रोपेही कधीकधी पिवळी पडतात. द्विदल पिकांची पद्धत चुन्यामुळे निष्प्रभ होते, कारण सोडलेले आम्ल लगेच उदासीन होते. शेतात पाणी साचल्यास मातीत बायकार्बोनेट वाढते व पिवळेपणा तीव्र होतो.

## मर व मूळकूज

मूळस्राव उपयुक्त सूक्ष्मजीवांबरोबर रोगकारकांनाही आकर्षित करतात. तुरीचा मर रोग फ्युजॅरियम उडम या बुरशीमुळे, तर हरभऱ्याचा मर रोग फ्युजॅरियम ऑक्झिस्पोरमच्या एका विशिष्ट प्रकारामुळे होतो. हरभऱ्यावरील ही बुरशी यजमान पीक नसतानाही मातीत किमान सहा वर्षे तग धरू शकते. तिचे जाड कवचाचे सुप्त बीजाणू अन्नाच्या अभावी रुजत नाहीत. जवळून वाढणाऱ्या मुळाच्या स्रावातील शर्करा व अमिनो आम्ले मिळताच ते रुजतात आणि मुळात शिरतात. सोयाबीन व हरभऱ्यावरील मूळकूज आणि मानकूज यांना मॅक्रोफोमिना फॅसिओलिना व स्क्लेरोशियम रोल्फ्साय या बुरशी कारणीभूत ठरतात. या दोन्ही बुरशी अनेक पिकांवर जगतात.

ज्वारीच्या आंतरपिकात किंवा ज्वारीच्या फेरपालटानंतर तुरीवरील मर रोग कमी होतो, असे इक्रिसॅटमधील प्रयोगांत आढळले. याचे एक स्पष्टीकरण ज्वारीच्या मूळस्रावांत शोधले जाते. ज्वारीच्या मुळांतून हायड्रोसायनिक आम्ल स्रवते आणि त्याचा मूलपरिसरातील बुरशींवर परिणाम होतो, असे भारतीय संशोधकांनी १९६० च्या दशकात नोंदवले होते. दुसरे कारण सरळ आहे. ज्वारीची मुळे मधे आल्याने तुरीची मुळे एकमेकांपासून दूर राहतात आणि बुरशीचा प्रसार मंदावतो.

## पीकपद्धतीतील बदल आणि बेवड

मराठवाड्यात पूर्वी खरीप ज्वारी, तूर, मूग, उडीद व कापूस आणि रब्बीत शाळू, करडई व हरभरा अशी मिश्र पीकपद्धती रूढ होती. ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची ओळ पेरली जात असे. गेल्या काही दशकांत सोयाबीनचा मोठा विस्तार झाला. लातूर जिल्ह्यात ते खरिपाचे प्रमुख पीक बनले असून नांदेडमध्ये त्याने कापसाच्या बरोबरीने स्थान मिळवले आहे. अनेक शेतांत सोयाबीननंतर हरभरा हाच क्रम दरवर्षी पाळला जातो.

बाजारपेठ, दाल मिल, तेलगिरण्या आणि सोयाबीनचा कमी कालावधी ही या बदलामागील कारणे आहेत. मूलपरिसराच्या दृष्टीने पाहता या क्रमात द्विदल पिकांमागे पुन्हा द्विदल पीक येते. गवतवर्गीय मुळांचे स्राव व त्यांवर पोसले जाणारे सूक्ष्मजीव यांना खंड पडतो. दोन्ही पिकांवर जगणाऱ्या बुरशींना मात्र वर्षभर यजमान मिळतो. ज्वारीची तंतुमय मुळे मातीचे कण बांधतात व तिच्या धसकटांतून सेंद्रिय कर्ब मिळतो, तोही कमी होतो. दुसरीकडे, ज्वारीची धसकटे कुजताना त्यांतील कर्बाच्या अधिक्यामुळे सूक्ष्मजीव मातीतील नत्र तात्पुरता स्वतःकडे ओढून घेतात आणि लगेच घेतलेल्या पिकाला तो कमी पडू शकतो. म्हणून ज्वारीनंतर द्विदल पीक आणि द्विदलानंतर तृणधान्य हा पारंपरिक क्रम नत्राच्या चक्राशीही सुसंगत ठरतो.

## शेतीतील उपयोग

### जिवाणू संवर्धके

प्रत्येक द्विदल पिकाचा मूळस्राव वेगळा असल्याने त्यासाठी योग्य जिवाणूही वेगळा लागतो. सोयाबीन व हरभरा यांची संवर्धके स्वतंत्र असतात. तूर, मूग, उडीद, चवळी व भुईमूग ही पिके चवळी गटात मोडतात. भुकटी स्वरूपातील संवर्धकासाठी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम ही प्रचलित मात्रा आहे. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक हा क्रम पाळला जातो. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणे आवश्यक असते, कारण ऊन व कोरडेपणा यांमुळे जिवाणू मरतात.

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची संवर्धके तयार करते. ट्रायकोडर्मासह विविध मित्रजीवांचे 'बायोमिक्स' हे विद्यापीठाचे मिश्रण हळद व आले उत्पादकांमध्ये प्रचलित आहे.

### वाण व मशागत

रोगप्रतिकारक वाण हा मर रोगावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ व बीएसएमआर ८५३ हे तुरीचे वाण मर व वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक म्हणून ओळखले जातात.

मुळांना आणि गाठींतील जिवाणूंना हवा लागते. काळ्या जमिनीत सततच्या पावसाने पाणी साचले की मुळांचा श्वास कोंडतो, स्रावांचे स्वरूप बदलते आणि मूळकूज वाढते. रुंद वरंबा सरी पद्धतीत जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाच्या खंडात वरंब्यात ओल टिकते. शेणखत, कंपोस्ट व पिकांचे अवशेष यांमुळे बाहेरून दिलेल्या सूक्ष्मजीवांना टिकण्यास आधार मिळतो.

## अभ्यासपद्धती व मर्यादा

मूळस्राव गोळा करण्यासाठी रोपे पोषकद्रावणात किंवा निर्जंतुक वाळूत वाढवतात आणि द्रावणाचे वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन या तंत्रांनी पृथक्करण करतात. कर्बाच्या समस्थानिकांनी खूण केलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीला देऊन तो कर्ब मातीतील कोणत्या सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचतो हे शोधता येते. सूक्ष्मजीवांची ओळख मातीतील डीएनएच्या अनुक्रमावरून होते, कारण त्यांतील बहुसंख्य प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत.

द्रावणात मिळणारे स्राव आणि भेगाळलेल्या काळ्या मातीत प्रत्यक्ष मिळणारे स्राव सारखे नसतात. चिकणमातीचे कण अनेक संयुगे धरून ठेवतात आणि शर्करा व साधी आम्ले सूक्ष्मजीव काही तासांतच फस्त करतात. त्यामुळे कुंडीत यशस्वी ठरलेले जिवाणू शेतात प्रत्येक वेळी तेवढेच उपयोगी पडतातच असे नाही. जमीन, ओल, वाण आणि आधीचे पीक यांनुसार परिणाम बदलतो. म्हणून मूलपरिसराविषयीचे निष्कर्ष स्थानिक जमिनीतील अनेक हंगामांच्या चाचण्यांवर तपासून घ्यावे लागतात.

## हे सुद्धा पाहा

* मायकोरायझा
* नत्र स्थिरीकरण
* पिकांची फेरपालट
* रेगूर मृदा
* टारफुला